सिअ‍ॅटलच्या मार्केटातलं जर्मन दुकान, आणि त्याच्या मागे लागून केलेले चार दिवस

धाकटी बहीण सिअ‍ॅटलजवळ रेडमंडला राहते. ऑगस्टमध्ये महिनाभर तिच्याकडे जाऊन आले. व्हिसा, तिकिटं, जेटलॅग यात काही वेगळं घडलं नाही त्यामुळे ते सोडून देते. फिरलो पुष्कळ, पण मला लिहायचंय ते चार दिवसांबद्दल, कारण ते चार दिवस एका दुकानाभोवती फिरले आणि मी दुकानदाराची मुलगी आहे. मिरजेला लक्ष्मी मार्केटजवळ आमचं किराणा मालाचं दुकान होतं. अजूनही कुठल्याही गावात गेले की देऊळ, किल्ला नंतर, आधी बाजार बघते.

मंगळवार

सकाळी बसने निघालो, मी, बहीण आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा. शाळा अजून सुरू व्हायच्या होत्या. वाटेत लेक वॉशिंग्टनवरचा पूल लागतो, तो खांबांवर उभा नाहीये, पाण्यावर तरंगतो, जवळजवळ 2.3 किलोमीटर, जगातला सगळ्यात लांब तरंगता पूल. भाचा मला हे अभिमानाने सांगत होता आणि मी खिडकीतून पलीकडे बघत होते कारण दक्षिणेला माउंट रेनियर दिसत होता, सबंध पांढरा, ऑगस्ट असून. सिअ‍ॅटल म्हणजे पाऊस असं ऐकून मी छत्री घेऊन गेले होते, ती चार आठवड्यांत एकदाही उघडली नाही. तिथला पाऊस हिवाळ्यात असतो, उन्हाळा कोरडा. मिरजेहून निघताना चिखल तुडवत निघालेली मी, मला ते कोरडं गार ऊन फार आवडलं.

पाइक प्लेस मार्केटला आम्ही नऊच्या आत पोचलो. इथे पहिली टीप: मे ते सप्टेंबर अलास्काला जाणारी क्रूझची जहाजं सिअ‍ॅटलहून सुटतात, दहा-साडेदहानंतर ती सगळी गर्दी मार्केटात येते आणि मग बघणं होत नाही, नुसतं पुढे सरकणं होतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर जा. गाळेवाले माल मांडत असतात, बोलायला वेळ असतो.

या मार्केटचा जन्म कांद्यामुळे झालाय हे मला बहिणीने सांगितलं तेव्हा मी रस्त्यातच थांबले. 1906 ते 1907 या वर्षभरात सिअ‍ॅटलमध्ये कांद्याचा भाव दहापट झाला, लोक दलालांवर चिडले, मग नगरपरिषदेच्या थॉमस रेव्हेल नावाच्या सदस्याने पुढाकार घेऊन शेतकऱ्यांनी थेट गिऱ्हाइकाला विकायचं अशी जागा करून दिली. 17 ऑगस्ट 1907 ला पहिल्या दिवशी मोजके शेतकरी गाड्या घेऊन आले आणि दुपारच्या आत सगळा माल संपला. कांद्याने सरकार हलतं हे आपल्याला कोणी समजवायला नको, पण कांद्याने एक बाजार उभा राहिला आणि सव्वाशे वर्षं होत आली तरी चालू आहे हे नवीन होतं. मधे हा बाजार पाडून तिथे मोठ्या इमारती बांधायचं घाटत होतं. व्हिक्टर स्टाइनब्रूक नावाच्या वास्तुरचनाकाराने आणि त्याच्या बरोबरच्या लोकांनी मोहीम चालवली आणि 1971 च्या नोव्हेंबरमध्ये शहरातल्या लोकांनी मत देऊन बाजार वाचवला. त्यामुळे आजही तिथे चेन स्टोअर्सना सहसा जागा मिळत नाही, मालकाने स्वतः दुकान चालवावं अशी अपेक्षा असते. एक कॉफीची चेन आहे, पण ती याच भागात 1971 मध्ये जन्मली म्हणून. तिच्यासमोर सकाळी नऊला पन्नासेक माणसं रांगेत होती.

आम्ही त्या रांगेत उभे राहिलो नाही, तिथून काही पावलांवर रस्त्याच्या त्याच बाजूला बहीण मला घेऊन गेली. दुकानाचं नाव बव्हेरियन मीट्स. 1961 पासूनचं, जर्मनीतल्या बव्हेरियातून आलेल्या कुटुंबाने सुरू केलेलं, आता तिसरी पिढी.

आत गेल्यावर पहिल्यांदा वास आला, धुराचा, लाकडाचा, आणि त्याच्या खालून मसाल्याचा. मला क्षणभर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आठवला, तिथे चोरीसच्या, म्हणजे गोव्याच्या पोर्क सॉसेजच्या माळा लटकत असतात ना त्या गल्लीत असाच धूर आणि मसाला एकत्र येतो, फक्त तिथे व्हिनेगर आणि मिरची असते, इथे तिखट काहीच नव्हतं. काचेच्या कपाटात सॉसेजेस ओळीने, पांढरी, गुलाबी, तपकिरी, जवळजवळ काळी, जाड, बोटाएवढी, काही चपटी दाबून जोडी जोडीने बांधलेली. भिंतीवरच्या फळ्यांवर जर्मनीहून आलेला माल, मोहरीच्या बरण्या, काकडीचं लोणचं, आंबवलेली कोबी, काळ्या पावाच्या चौकोनी लाद्या, चॉकलेटं, अस्वलाच्या आकाराच्या गोळ्या. दुकान लहान आहे आणि जागेचा इंच न् इंच वापरलाय. आमचे अण्णा म्हणायचे की फळी रिकामी दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं दुकान बसायला आलंय. ते इथे असते तर खूश झाले असते.

आमच्या पुढे एक म्हाताऱ्या बाई होत्या, ऐंशीच्या तरी असतील, हातात कापडी पिशवी. त्या काउंटरवरच्या बाईंशी जर्मनमध्ये बोलत होत्या आणि काउंटरच्या बाई थोडं जर्मन थोडं इंग्लिश असं उत्तर देत होत्या. घाई कुणालाच नव्हती. लिव्हरवुर्स्ट, म्हणजे कलेजीचं मऊ सॉसेज, ते त्यांनी एक बोटभर कापून घेतलं, मग म्हणाल्या अजून थोडं, मग परत थोडं. एकट्या राहत असाव्यात, एकट्या माणसाची खरेदी मला लगेच ओळखू येते. आमच्या दुकानात अशाच एक आजी पाव किलो तूरडाळ, छटाकभर खोबरं असं न्यायच्या आणि अण्णा त्यांच्यासाठी वेगळ्या लहान पुड्या बांधून ठेवायचे.

बाईंनी वळून मला विचारलं, इंडिया? मी हो म्हटलं. मग आमचं इंग्लिशमध्ये सुरू झालं, त्यांचंही मोडकं आणि माझंही, त्यामुळे चांगलं जमलं. त्या लग्न होऊन इकडे आल्या आणि तेव्हापासून याच दुकानातून नेतात. मी म्हटलं, मला इथे जायपत्रीसारखा वास येतोय. जायपत्रीला इंग्लिशमध्ये मेस म्हणतात हे बहिणीने फोनवर बघून सांगितलं. बाई एकदम हसल्या, म्हणाल्या, आमच्याकडे सॉसेजमध्ये जायफळ, जायपत्री, पांढरी मिरी असणारच, शिवाय मार्जोरम नावाचा पाला, माझी आई जायफळ कपाटात कुलपात ठेवायची. आमच्या घरी पण जायफळ, वेलदोडा, केशर हे देवघराच्या खालच्या खणात असायचं आणि किल्ली आजीच्या कमरेला. मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी माझा हात दाबला आणि पिशवी घेऊन निघून गेल्या.

मग आमचा नंबर. मी पोर्क खाते, गोव्यात सुरुवात झाली, पण बीफ खात नाही, आणि इथे हे विचारणं फार महत्त्वाचं आहे. म्हणून दुसरी टीप, जरा सविस्तर. जर्मन सॉसेजमध्ये पोर्क, बीफ आणि व्हील म्हणजे वासराचं मांस यांची मिश्रणं असतात आणि नावावरून काही कळत नाही. ब्राटवुर्स्ट नुसत्या पोर्कचंही असतं आणि व्हील घातलेलंही. वाइसवुर्स्ट, ते पांढरं, त्यात परंपरेने व्हील असतंच. ती जोडी जोडीने बांधलेली चपटी, लांडयेगर म्हणतात त्यांना, त्यात बहुतेक बीफ आणि पोर्क दोन्ही. सरळ विचारा, कोणी वाईट मानत नाही. मी विचारलं फक्त पोर्कचं काय काय आहे, तर त्यांनी दोन-तीन प्रकार दाखवले, शिवाय धुरावलेलं हॅम. शाकाहारी लोकांसाठी मुद्दाम सांगते, लेबरकेझ या नावात केझ म्हणजे चीज आहे पण त्यात चीज नसतं, तो मांसाचा भाजलेला लादीसारखा प्रकार आहे. हेडचीज नावाच्या पदार्थातही चीज नाही, ते डोक्याच्या मांसाचं असतं. चीज समजून घेऊ नका. आणि माल पाउंडात मिळतो, एक पाउंड म्हणजे 454 ग्रॅम, चाखायला क्वार्टर पाउंड म्हणजे साधारण आपलं शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरतं.

आता जे घडलं त्यासाठी मी हे सगळं लिहितेय. बहीण पैसे देत होती आणि भाचा काचेला नाक लावून उभा होता. काउंटरवरच्या बाईंनी बहिणीकडे बघून भुवया उंचावून विचारलं, चालेल ना? बहिणीने मान हलवली. मग त्यांनी फिकट रंगाच्या मऊ सॉसेजची एक पातळ चकती कापली, कागदावर ठेवून काचेवरून खाली वाकून त्याच्या हातात दिली. त्याने तळहात पुढे केला होता, सपाट, बोटं जोडून, प्रसादाला करतात तसा. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बाई म्हणाल्या जर्मनीत खाटकाकडे आईबरोबर आलेल्या मुलाला एक चकती द्यायचीच अशी पद्धत आहे.

अण्णा गूळ द्यायचे. दुकानात आईबापाबरोबर पोर आलं की वजन करता करता ढेपेचा एक खडा फोडून त्याच्या हातावर ठेवायचे, हिशोबात कधी नाही धरला. ढेपेच्या शेजारी त्यासाठी एक लहान हातोडी होती. ती मला तिथे, जगाच्या दुसऱ्या टोकाला, दिसायला लागली आणि माझे डोळे भरून आले. बहिणीलाही तेच आठवलं असणार, ती माझ्याकडे न बघता पिशवी भरत राहिली.

दुपारी मार्केटच्या टोकाला एलियट बे दिसतो तिथे बसून हॅम आणि राय ब्रेड खाल्ला. समोर फेरीबोटी जात होत्या. येताना प्रवेशाजवळची ब्राँझची डुकरीण, रेचल, तिच्या पाठीतल्या फटीत भाच्याने नाणी टाकली. ती 1986 पासून तिथे आहे आणि त्यातले पैसे मार्केटच्या समाजकार्याला जातात. तिथेच जवळ जपानी शेतकऱ्यांच्या आठवणीसाठी केलेली चित्रं आहेत, ती बघितल्याशिवाय जाऊ नका. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी या बाजारातले अर्ध्याहून जास्त शेतकरी जपानी वंशाचे होते. 1942 मध्ये त्यांना सगळ्यांना उचलून छावण्यांत नेलं, आणि गाळे एका फटक्यात रिकामे झाले. बहुतेक जण परत आलेच नाहीत. मासेविक्रेत्यांचा मासे फेकाफेकीचा खेळ बघायला दोनशे लोक उभे असतात, या चित्रांपाशी आम्ही तिघंच होतो.

बुधवार

घरीच. बहिणीच्या नवऱ्याने सुट्टी घेतली होती, त्याने वाइसवुर्स्ट केले. काउंटरच्या बाईंनी बजावून सांगितलं होतं की उकळायचं नाही, पाणी गरम करून गॅस बंद करायचा आणि मग दहा मिनिटं त्यात ठेवायचे. म्युनिकला हे न्याहारीला खातात, दुपारचे बारा वाजायच्या आत संपवायचे अशी जुनी रीत, कारण फ्रिज नव्हते तेव्हा पहाटे केलेलं दुपारपर्यंत टिकत नसे. वरची साल काढून टाकायची आणि गोड मोहरीबरोबर खायचं. मी व्हीलमुळे खाल्लं नाही, मोहरी मात्र चाखली आणि चाखतच राहिले. भरड दळलेली, गोडसर, पाठीमागून मोहरीचा झणका. मी माझं पोर्कचं ब्राटवुर्स्ट तव्यावर परतून त्या मोहरीबरोबर आणि आंबवलेल्या कोबीबरोबर खाल्लं, सोबत ज्वारीची भाकरी. पीठ इंडियन स्टोअरचं जुनं होतं, भाकरी चिरली, पण ही जोडी जमते, करून बघा.

ती कोबी, साउअरक्राउट, त्यात फक्त कोबी आणि मीठ. बारीक चिरून मीठ चोळून दाबून ठेवायची, स्वतःच्याच पाण्यात आंबते. आपण लिंबाचं लोणचं मिठात मुरवतो तेच तत्त्व. शाकाहारी माणसाला जर्मन दुकानात ही, मोहरी, काकडीचं लोणचं, राय ब्रेड एवढं निश्चिंत घेता येतं, फक्त डब्यातली शिजवलेली कोबी घेताना लेबल वाचा, कधी कधी त्यात बेकन घालतात. बटाट्याच्या सॅलडचंही तसंच.

शनिवार

गुरुवार-शुक्रवार बाकीची कामं. शनिवारी लेव्हनवर्थला गेलो, सिअ‍ॅटलहून गाडीने अडीच तास. बहिणीच्या नवऱ्याचं म्हणणं होतं की तुला जर्मन दुकान एवढं आवडलं तर अख्खं जर्मन गाव दाखवतो.

रस्ता स्टीव्हन्स पासवरून जातो, 4,061 फूट, चढताना दोन्ही बाजूंना काळपट हिरवी झाडी, ओलसर, आणि पास ओलांडून उतरायला लागलो की झाडं विरळ, जमीन पिवळी, ऊन एकदम चटका देणारं. कोयनानगरहून निघून माण-खटावच्या बाजूला उतरावं तसं. पाऊस सगळा पश्चिमेच्या उतारावर पडून जातो, पूर्वेला पर्जन्यछाया. सह्याद्री बघितलेल्या माणसाला कॅस्केड पर्वत समजायला पाच मिनिटं लागतात. घाटात गाडी बाजूला लावून बहिणीच्या नवऱ्याने ते लांडयेगर काढले, फ्रिजशिवाय टिकतात म्हणून डोंगरात जाणारे लोक खिशात ठेवतात, चावून चावून खायचे. मी शेंगदाण्याची चिक्की खाल्ली, मिरजेहून नेलेली.

लेव्हनवर्थची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हे गाव जर्मनांनी वसवलेलं नाहीच. रेल्वे आणि लाकडाची गिरणी यावर चालायचं. 1920 च्या दशकात रेल्वेने आपला कारभार तिथून हलवला, गिरणी बंद झाली, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं गाव रिकामं होत गेलं. 1960 च्या दशकात गावातल्या लोकांनी बैठका घेतल्या आणि ठरवलं की मागे आल्प्ससारखे डोंगर आहेतच, तर आपण बव्हेरियाचं गाव व्हायचं. एकेका दुकानदाराने स्वतःचे पैसे घालून दर्शनी भाग बदलला, लाकडी सज्जे, रंगवलेल्या भिंती, फुलांच्या कुंड्या. आता तसा नियमच आहे, पेट्रोल पंपालाही जर्मन अक्षरांत पाटी.

मी दिवसभर विचार करत होते की मला हे आवडलं का. घरांच्या दर्शनी भिंती सुंदर आहेत, प्रेट्झेल गरम होता, नटक्रॅकर म्युझियममध्ये अक्रोड फोडायच्या हजारो लाकडी बाहुल्या आहेत आणि भाचा तिथून निघायला तयार नव्हता. पण मसाल्याचा तो वास कुठे आला नाही. मंगळवारच्या दुकानात भिंतीवर डोंगर रंगवलेले नव्हते आणि तरी सगळं खरं होतं. तरीही त्या गावातल्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. गाव मरताना बघत बसले नाहीत, आणि बदल बाहेरून कोणी येऊन केला नाही, त्यांच्याच किराणावाल्या-हॉटेलवाल्यांनी केला. आमच्याकडे किती पेठा अशा ओस पडल्या, एकत्र बसून काही ठरवलं का कुणी? आमच्या घरातसुद्धा दुकान बंद करायचं कोणी ठरवलं नाही, अण्णा गेल्यावर एक दिवस उघडायचं राहिलं, मग दुसरा दिवस.

परतताना वेनाचीच्या बाजूचे बागायतदार रस्त्याकडेला फळं विकतात तिथून पेअर घेतले, कडक असतात, दोन दिवस घरात पिकवावे लागतात. टीप: ऑगस्टमध्ये घाटापलीकडे पाणी भरपूर न्या, वणव्यांचा हंगाम असतो, निघण्याआधी धुराची स्थिती बघून घ्या. आणि गाडी गावाबाहेर लावा, आत जागा मिळण्यात आमचा पाऊण तास गेला.

पुन्हा मंगळवार

निघायच्या तीन दिवस आधी. बहीण म्हणाली ताई, अजून कुठे जायचंय, स्पेस नीडल, तो उंच मनोरा, राहिलाय. मी म्हटलं दुकानात.

बरोबर जायपत्री नेली होती, इंडियन स्टोअरमधून घेतलेली अख्खी, केशरी जाळीसारखी, एका लहान पुडीत. त्या म्हाताऱ्या बाई भेटतील या आशेने, पण त्या काही नव्हत्या. काउंटरवर मात्र त्याच बाई. त्यांनी मला ओळखलं, म्हणाल्या, फक्त पोर्क, बरोबर? आठवड्यात किती शेकडो लोक येऊन गेले असतील त्या बाजारात, पण गिऱ्हाइकाचं काय चालतं आणि काय चालत नाही हे लक्षात ठेवणारा माणूस गल्ल्यापाशी लागतो आणि त्यांच्याकडे तो आहे. पुडी त्यांच्याकडे ठेवली, त्या आजी आल्या की द्या म्हटलं. त्यांनी उघडून वास घेतला, परत नीट घडी घातली, मागच्या फळीवर ठेवली आणि कागदावर काहीतरी लिहून तिला चिकटवलं.

भाचा तोवर काचेपाशी पोचून हात सपाट करून उभा होता. बाईंनी चकती दिली. बहीण त्याला म्हणाली थँक्यू म्हण, तर तो म्हणाला, "आई, डांके म्हणायचं असतं."

मोहरीच्या दोन बरण्या घेतल्या. शेवटची टीप: मांसाचा काहीही माल भारतात आणायच्या भानगडीत पडू नका, तिथेच खाऊन घ्या. मोहरीची बरणी हातातल्या बॅगेत चालत नाही, मोहरीलाही द्रव धरतात आणि शंभर मिलीच्या वरचं द्रव नेऊ देत नाहीत, चेक-इनमध्ये टाका. मी एक साडीत गुंडाळली, एक पंजाबी ड्रेसमध्ये, दोन्ही धड आल्या.

एक भावाकडे दिली. त्याने बोट घालून चाखली, बरणी फिरवून फिरवून लेबल बघितलं, मग दुकानाचं सगळं विचारत बसला. माल रोज येतो का, उधारी चालते का, काटा कसला आहे, किती माणसं काउंटरला. जमेल ते सांगितलं, चकतीचंही सांगितलं. तो ऐकून घेत बराच वेळ बरणीचं झाकण लावत-काढत होता आणि मग म्हणाला, "तिसरी पिढी म्हणतेस, मग गल्ल्यावर घरातलं कोण बसतं?"

तेवढं विचारायचं राहिलं.